गर्भपाताची सेवा देणाऱ्यांवरील हिंसा हा ‘देशांतर्गत दहशतवाद’ ठरतो का?

शोधयात्री (प्रश्न)

अमेरिकेत गर्भपाताची सेवा देणाऱ्या डॉक्टरांवर झालेल्या हल्ल्यांविषयी मी गेले काही आठवडे सलग वाचत आहे. मार्च १९९३ मध्ये फ्लोरिडातील पेन्साकोला येथे डॉ. डेव्हिड गन यांना दवाखान्याबाहेर गोळ्या घालण्यात आल्या. पुढच्याच वर्षी त्याच शहरात डॉ. जॉन ब्रिटन आणि त्यांच्या सोबतीला आलेले जेम्स बॅरेट मारले गेले. १९९८ मध्ये न्यूयॉर्क राज्यात डॉ. बार्नेट स्लेपियन त्यांच्या स्वतःच्या घरात, खिडकीतून आलेल्या गोळीने मृत्युमुखी पडले, तर मे २००९ मध्ये कॅन्सस राज्यातील विचिटा येथे डॉ. जॉर्ज टिलर यांचा खून रविवारच्या प्रार्थनेच्या वेळी चर्चमध्ये झाला.

या चारही प्रकरणांतील मारेकरी पकडले गेले आणि त्यांना कठोर शिक्षाही झाल्या. तरीही त्यांच्यापैकी एकालाही दहशतवादाच्या गुन्ह्यासाठी दोषी ठरवल्याचे मला आढळले नाही. एखाद्या व्यवसायातील माणसांना वेचून मारायचे आणि उरलेल्यांनी तो व्यवसाय सोडावा अशी अपेक्षा ठेवायची, याला दहशतवाद म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे? कायद्याच्या व्याख्येत हे बसत नाही, की बसत असूनही तो शब्द टाळला जातो? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

कलमवाचक

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत आणि त्यांची उत्तरे वेगवेगळी आहेत.

पहिला प्रश्न व्याख्येचा. ‘देशांतर्गत दहशतवाद’ ही संज्ञा २००१ च्या दहशतवादविरोधी ‘पेट्रियट’ कायद्याने अमेरिकेच्या संघीय कायद्यात आली. तिच्यानुसार कृत्य मानवी जिवाला धोका निर्माण करणारे असले पाहिजे, ते संघीय किंवा एखाद्या राज्याच्या फौजदारी कायद्याचा भंग करणारे असले पाहिजे, ते प्रामुख्याने अमेरिकेच्या हद्दीत घडलेले असले पाहिजे, आणि नागरिकांना धाकात ठेवणे किंवा दहशतीच्या बळावर सरकारचे धोरण बदलणे असा त्यामागचा हेतू वरकरणी दिसला पाहिजे. या मोजपट्टीवर माझे उत्तर निःसंदिग्धपणे ‘होय’ असे आहे. एरिक रुडॉल्फचे उदाहरण घ्या. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या वेळी उद्यानात, १९९७ मध्ये अटलांटाजवळच्या एका गर्भपात दवाखान्यात आणि १९९८ मध्ये बर्मिंगहॅम येथील दवाखान्यात त्याने बॉम्ब ठेवले. बर्मिंगहॅमच्या स्फोटात पहाऱ्यावर असलेला पोलीस अधिकारी ठार झाला आणि एक परिचारिका गंभीर जखमी झाली. २००५ मध्ये गुन्हा कबूल करताना त्याने दिलेल्या निवेदनात गर्भपाताला मान्यता देणाऱ्या सरकारला जगासमोर खाली मान घालायला लावणे हा ऑलिंपिकमधील स्फोटाचा हेतू असल्याचे स्वतःच मांडले. सरकारी धोरणाविरुद्धचा हेतू याहून स्पष्ट असू शकत नाही.

दुसरा प्रश्न गुन्ह्याचा, आणि तुमचा गोंधळ इथे आहे. संघीय कायद्यात देशांतर्गत दहशतवादाची व्याख्या आहे, पण त्या नावाचा स्वतंत्र, शिक्षापात्र गुन्हा नाही. व्याख्येचा उपयोग मुख्यतः तपासाच्या अधिकारांसाठी होतो, आरोप मात्र खून, जाळपोळ किंवा स्फोटके अशा कलमांखालीच ठेवावे लागतात. दहशतवादाशी जोडल्या जाणाऱ्या संघीय गुन्ह्यांची एक वेगळी यादी आहे, आणि कृत्य सरकारच्या वर्तनावर दबाव आणण्यासाठी केलेले असल्यास त्या यादीतील गुन्ह्याची शिक्षा वाढवता येते. व्यापारी वापरातील इमारतीला आग लावणे किंवा ती स्फोटकांनी उडवणे हा गुन्हा त्या यादीत आहे, परंतु एका खासगी डॉक्टरला बंदुकीने मारणे त्या यादीत नाही. म्हणजे दवाखान्यावर पेटती बाटली फेकणारा दहशतवादाच्या वाढीव शिक्षेच्या जवळ जातो आणि डॉक्टरला गोळी घालणारा जात नाही. ही विसंगती मला अत्यंत खटकते.

डॉ. गन यांच्या हत्येनंतर, मे १९९४ मध्ये दवाखान्यांच्या प्रवेशस्वातंत्र्याचा ‘फेस’ कायदा झाला. गर्भपातासह प्रजनन आरोग्याची सेवा घेणाऱ्या किंवा देणाऱ्या व्यक्तीला बळाने, धमकीने किंवा वाट अडवून रोखणे त्याने गुन्हा ठरवले, आणि त्यात मृत्यू झाल्यास जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठेवली. मात्र हा कायदाही वरच्या यादीत समाविष्ट नाही.

संयत

कलमवाचक यांनी कायदा अचूक मांडला आहे, पण त्यांच्या ‘निःसंदिग्ध होय’ याला माझी हरकत आहे. हेतू हा या व्याख्येचा कणा आहे आणि प्रत्येक मारेकऱ्याचा हेतू रुडॉल्फइतका स्वच्छ दिसत नाही. टिलर यांना मारणाऱ्या स्कॉट रोडरने न्यायालयात खून केल्याचे मान्य केले, पण आपण न जन्मलेल्या बालकांचे प्राण वाचवण्यासाठी हे केले असे त्याचे म्हणणे होते. न्यायाधीशांनी सौम्य गुन्ह्याचा पर्याय ज्युरीपुढे ठेवण्यास नकार दिला, तो योग्यच होता. तरीही एका विशिष्ट माणसाला त्याच्या कामापासून कायमचे रोखणे आणि समाजाला धाकात ठेवणे यांत फरक करता येतो. १९८४ मध्ये, दवाखान्यांवर बॉम्बहल्ल्यांची लाट असताना, एफबीआयचे तत्कालीन संचालक विल्यम वेबस्टर यांनीही हे हल्ले संस्थेच्या दहशतवादाच्या व्याख्येत बसत नाहीत अशी भूमिका घेतली होती.

माझी खरी चिंता पुढची आहे. हा शब्द एकदा सैल झाला की दवाखान्याच्या दारात बसून प्रार्थना करणाऱ्यालाही तो चिकटवण्याचा मोह होईल. शिवाय तो एकाच बाजूला लागू राहणार नाही. एफबीआय ‘गर्भपाताशी संबंधित हिंसक अतिरेक’ असा जो वर्ग मानते, त्यात दोन्ही बाजूंची हिंसा येते. २०२२ मध्ये गर्भपाताचा घटनात्मक हक्क रद्द करणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा मसुदा फुटल्यानंतर विस्कॉन्सिनमधील मॅडिसन येथे गर्भपातविरोधी संघटनेच्या कार्यालयाला आग लावण्यात आली, तेव्हा हाच शब्द उलट दिशेने वापरला गेला.

सुईण

मी आरोग्यसेवेत काम करते, त्यामुळे हा विषय मला केवळ कलमांपुरता वाटत नाही, हे आधीच सांगते.

संयत, आपण हेतू शोधताना मारेकऱ्याच्या मनात डोकावता, पण टिलर यांची सगळी हकिकत एकत्र वाचली तर हेतू बाहेरूनही दिसतो. १९८६ मध्ये त्यांच्या दवाखान्यात बॉम्बस्फोट झाला. १९९३ मध्ये त्यांच्या दोन्ही हातांना गोळ्या लागल्या, आणि तरीही ते कामावर परतले. २००९ मध्ये ते मारले गेल्यावर काही दिवसांतच कुटुंबाने दवाखाना कायमचा बंद करत असल्याचे जाहीर केले, आणि त्यानंतर २०१३ पर्यंत विचिटा शहरात गर्भपाताची सेवा देणारा एकही दवाखाना नव्हता. त्या काळात ज्या स्त्रियांना दूरवर प्रवास करावा लागला, त्यांच्यापैकी कोणावरही गोळी झाडली गेली नव्हती. परिणाम मात्र त्यांच्यावर झाला, आणि ज्या डॉक्टरांनी हे काम हाती घेण्याचा विचार सोडून दिला असेल त्यांच्यावरही झाला. गोळी एकाला लागते आणि निरोप शेकडो लोकांना पोहोचतो.

हा निरोप पुष्कळदा आधीच लिहून दिलेला असे. डॉ. गन यांच्या हत्येपूर्वी त्यांचे छायाचित्र असलेली ‘पाहिजे’ अशी भित्तिपत्रके वाटली गेली होती, फरार गुन्हेगारांची असतात तशी. पुढे तशाच पत्रकांवरून आणि डॉक्टरांची नावे प्रसिद्ध करणाऱ्या संकेतस्थळावरून दिवाणी दावा झाला, आणि २००२ मध्ये नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाने अशा पत्रकांना अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण नाही, त्या खऱ्या धमक्या आहेत, असे ठरवले. न्यायाधीशांनी संदर्भ पाहिला: आधी पत्रक लागले आणि मग त्या माणसाचा खून झाला, असा क्रम एकाहून अधिक वेळा घडला होता. त्यामुळे पुढचे पत्रक वाचणाऱ्या डॉक्टरला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नव्हता.

दारात बसून प्रार्थना करणाऱ्याला कोणी दहशतवादी म्हणू नये, यात मी पूर्णपणे आपल्यासोबत आहे. परंतु व्याख्येतच ‘मानवी जिवाला धोका’ ही अट असल्याने तो तिच्यात येतच नाही. मॅडिसनमधील आग लावणाऱ्याचे म्हणाल, तर त्यालाही हीच मोजपट्टी लावावी. त्याने माझा मुद्दा कमजोर होत नाही.

संयत

जिवाच्या धोक्याची अट मी माझ्या प्रतिसादात पुरेशी लक्षात घेतली नव्हती, हे मान्य करतो. आणि परिणामांवरून हेतू ओळखण्याचा आपला युक्तिवाद टिलर प्रकरणात मला पटला. तरीही प्रत्येक हल्ल्यात ते शक्य होईल असे नाही. २०१५ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या दवाखान्यात तीन जणांना मारणाऱ्या आरोपीला न्यायालयाने मानसिक अवस्थेमुळे खटल्यास असमर्थ ठरवले. अशा माणसाच्या हेतूविषयी ठाम विधान करायला मी धजत नाही.

शोधयात्री

सर्वांचे मनापासून आभार. व्याख्या आणि गुन्हा हे वेगळे आहेत, ही गोष्ट मला अजिबात ठाऊक नव्हती. एक शंका उरते. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी फेस कायद्याखाली दोषी ठरलेल्या २३ जणांना माफी दिली. त्यामुळे या चर्चेतील उत्तर बदलते का?

कलमवाचक

व्याख्येपुरते पाहिल्यास बदलत नाही. माफी मिळालेली प्रकरणे मुख्यतः दवाखान्यांची वाट अडवण्याची होती. रुग्णांना झालेला त्रास मी क्षुल्लक मानत नाही, पण त्या कृत्यांना मी आधीही दहशतवाद म्हटले नसते. अधिक महत्त्वाचे असे की, त्याच सुमारास न्याय विभागाने या कायद्याखालील नवे खटले असाधारण परिस्थितीपुरते मर्यादित केले, आणि मृत्यू, गंभीर इजा किंवा मालमत्तेचे मोठे नुकसान यांचा त्या परिस्थितीत समावेश केला. खून आणि जाळपोळ यांवर खटला भरण्याची वाट उघडी आहे. बंद होत चालली आहे ती त्याआधीच्या पायऱ्यांवर, म्हणजे धमक्यांवर आणि पाळतीवर, वेळीच बोट ठेवण्याची सवय. सुईण यांनी सांगितलेला पत्रकांचा क्रम वाचल्यावर मला भीती वाटते ती याचीच.