बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड : धाकट्या मुलीचे दात वाचवण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याजवळच्या एका गावात राहतो. आमच्या बोअरवेलच्या पाण्याचा तपासणी अहवाल नुकताच आला असून त्यात फ्लोराइडचे प्रमाण लिटरमागे २.६ मिलिग्रॅम आहे. भारतीय मानकानुसार ते १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात.

माझ्या आठ वर्षांच्या मुलाचे वरचे पुढचे दात उगवले तेच खडूसारखे पांढुरके, आणि आता त्यांवर आडवे तपकिरी पट्टे उमटले आहेत. दंतवैद्यांच्या सांगण्यानुसार हे डाग वरून बसलेले नाहीत. दात हिरडीच्या आत घडत असतानाच त्यांचे एनॅमल, म्हणजे दातांवरचे कठीण आवरण, कच्चे राहिले, त्यामुळे कितीही घासले तरी ते जाणार नाहीत. तो हल्ली ओठ मिटूनच हसतो, याचे फार वाईट वाटते. त्याच्यावर पुढे उपचार करता येतील, पण धाकटी दोन वर्षांची आहे आणि तिच्या कायमच्या दातांचे एनॅमल याच वयात तयार होत आहे, म्हणून तिच्या बाबतीत आता वेळ दवडून चालणार नाही.

पाणी उकळून उपयोग नाही, हे कळले आहे. वाफ निघून जाते आणि फ्लोराइड मागे राहून उलट दाट होते. गावात एक जुनी विहीर आहे. उथळ विहिरींत बहुधा फ्लोराइड कमी असते, म्हणून तिचे पाणी तपासायला देणार आहे. ते योग्य निघाल्यास क्लोरिन टाकून केवळ पिण्यासाठी आणि वरण-भातासाठी वापरले, तर पुरेसे होईल का? मुलगी पेस्ट गिळते, तेव्हा तिला तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट द्यावी की आमच्यासारख्या गावात तीही टाळावी?

विहिरीचे पाणी अयोग्य निघाले, तर घरी यंत्र बसवावे लागेल. आरओमध्ये बरेच पाणी वाया जाते आणि आमच्याकडे वीज तासन्‌तास नसते, म्हणून ॲक्टिव्हेटेड अल्युमिनाच्या, म्हणजे फ्लोराइड धरून ठेवणाऱ्या दाण्यांच्या, फिल्टरचा विचार आहे. फ्लोराइडला रंग, वास, चव काहीच नसल्याने फिल्टरमधले दाणे निकामी झाले तरी घरात कोणाच्या लक्षात येणार नाही, याची मला सर्वांत जास्त धास्ती वाटते. असा फिल्टर ज्यांनी प्रत्यक्ष वापरला आहे त्यांनी कृपया सांगावे, की दाणे बदलण्याची वेळ आपण कशावरून ओळखता आणि त्यासाठी पाणी किती दिवसांनी तपासून घेता?