बुबुळ आणि लेन्स एकाच टेबलावर? जरा दमानं!

पेठकर: 'बुबुळ बदलतानाच मोतीबिंदू काढून लेन्स बसवून घ्या, दोनदा कशाला चिरफाड' असं काल इथे कुणीतरी ठोकून दिलंय. (बुबुळ म्हणजे डोळ्याचा समोरचा पारदर्शक पडदा, कॉर्निया.) माझ्या वडिलांनी हेच केलं. लहानपणी ज्वारीचं धाट लागून डोळ्यात फूल, म्हणजे बुबुळावर पांढरा डाग पडलेला. लेन्सचा नंबर काढतात बुबुळाच्या गोलाईवरून, आणि नव्या बुबुळाची गोलाई टाके निघेपर्यंत ठरत नाही. म्हणजे सगळा अंदाजपंचे कारभार! दीड वर्षाने टाके निघाले, हाती आला मायनस ५ चा नंबर. आधी बुबुळ, मग लेन्स. विषय संपला.

सई_नाशिक: ७० वर्षांच्या माणसाला दीड वर्ष थांब म्हणून तुम्हीच सांगा. आणि दुसऱ्या ऑपरेशनात नव्या बुबुळाच्या आतल्या पेशी मरतात, त्या परत येत नाहीत, हे सोयीस्कर विसरलात. मायनस ५ ला चष्मा आहे. बाद झालेल्या बुबुळाला काय लावणार?

चष्मेवाला: दोघं वेगवेगळ्या ऑपरेशनांवरून भांडताय. अख्खं बुबुळ काढलं की डोळा वरून उघडा. तेव्हाच आत रक्तस्राव झाला तर डोळाच हातचा जातो. बुबुळाचा नुसता आतला थर बदलायचा असेल तर नंबर सरकतो साधारण १ पर्यंत, तोही आधीच धरता येतो. तिथे एकत्रच बरं. आणि मार लागलेल्या डोळ्यात लेन्स जिच्यात बसते ती आतली पिशवी शाबूत नसेल, तर लेन्स डोळ्याच्या पांढऱ्या भागात अडकवावी लागते. तो तिसराच खेळ.

गावकरी: आधी बुबुळ मिळतंय का ते बोला! आजोबा गेले तेव्हा नेत्रदानासाठी पंखा बंद केला, डोक्याखाली दोन उश्या, पापण्यांवर ओला कापूस. माणूस गेल्यापासून डोळे काढायला ६ तासांची मुदत. नेत्रपेढीची माणसं दारात आली आणि आत्या आडवी: 'पुढच्या जन्मी आंधळा येईल.' परत गेली बिचारी.

मीच_ती: आत्याला कशाला बोलता? आमच्याकडे सकाळी ८ ला फोन केला, गाडी आली ४ ला. तोवर सगळं संपलेलं.

गावकरी: म्हणून देऊच नये?

मीच_ती: असं म्हटलं का मी? वाचायला शिका.

पेठकर: धागा स्मशानात नेलात, धन्य आहात. चष्मेवाले, आतल्या थराचं मान्य, वकिली फी कळवा. सईताई, तुमच्याकडे नेमकं कोणतं झालं होतं?

सई_नाशिक: आईचं. आतल्या थराचंच. पण तुमचं ते 'विषय संपला' डोक्यात गेलं.

पेठकर: 😐