देवराई कुणी राखायची?

माहेरवाशीण:
यंदा शिमग्याला माहेरी गेले. देवळाच्या जीर्णोद्धारासाठी देवराईतली, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानातली, अकरा झाडं तोडलेली. त्यांतले दोन बेहडे असे, की आम्ही चौघी पोरींनी हात धरले तरी कवेत मावायचे नाहीत. आजी राईतली वाळकी काटकीसुद्धा चुलीत घालू द्यायची नाही. त्या धाकामुळे पाचोळ्याचा थर साचत गेला, तो पावसाचं पाणी धरून ठेवायचा आणि राईखालचा झरा मे महिन्यातही वाहायचा. आता धाक उरला नाही. देवराया वनखात्याने ताब्यात घ्याव्यात.

तिठ्यावरचा:
ताई, बेहडे गेल्याचं वाईट वाटलं, पण उपाय पटत नाही. राया राखल्या गावांनी. उद्या खात्याचं कुंपण पडलं की गुरवाला दिवा लावायलाही परवानगी काढावी लागेल, आणि गाव हात झटकून मोकळं होईल. केंद्राने नेमलेल्या कस्तुरीरंगन समितीने 2013 साली पश्चिम घाटाचा सुमारे 37 टक्के भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला. गावाला विचारलं कुणी? आमच्याकडे निदान देवाला कौल लावतात, बैठक बसते.

माहेरवाशीण:
दादा, त्या बैठकीत कोण बसतं? मानकरी. झऱ्यावर हंडा नेणारी माझी वहिनी नव्हती तिथे. झरा आटला, आता ती मार्चपासून दोन वाड्या ओलांडून पाणी आणते. झाडं कुणी तोडली आणि पायपीट कुणाच्या वाट्याला आली, एवढं बघा.

सह्यकडा:
मानकऱ्यांची बैठक म्हणजे ग्रामसभा नव्हे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 साली वनहक्क कायद्याखाली सुमारे 1,800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. तिथे निर्णय सर्वसहमतीने होतात, बायका-पुरुष दोघांच्या. बांबू तोडायचा की राखायचा, गाव ठरवतं. पश्चिम घाटासाठीच नेमलेल्या माधव गाडगीळ समितीनेही 2011 च्या अहवालात हेच मांडलं होतं, की निर्णय ग्रामसभांपासून वर यावेत. हक्क लेखी हातात असला की राखण टिकते, नुसत्या धाकावर नाही.

तिठ्यावरचा:
मेंढ्यात गाव एकजीव आहे. आमच्याकडे भावकीचे वाद, अर्धी घरं बंद, देऊळ स्लॅबचं हवं हा आग्रह मुंबईकर मंडळाचा आणि पैसाही त्यांचाच. महिला ग्रामसभा कायद्याने आधी घ्यायची असते, ती आमच्याकडे रजिस्टरवरच होते, हे कबूल करतो. तरी वनखात्याला माझा विरोधच.

माहेरवाशीण:
मग ती खरोखर घ्या. यापुढे तोडीचा ठराव आधी तिथे येऊ द्या. वहिनीसारख्यांनी तो मंजूर केला, तर मी वनखात्याचं नाव काढणार नाही.