उंच बुटांवर फार भिस्त नको

बास्केटबॉल खेळायला हाय-टॉप (घोटा झाकणारे उंच बूट) घेतले की घोटा मुरगळत नाही म्हणतात, हे काही पटलं नाही. माझा दोनदा मुरगळलाय, दोन्ही वेळा पायात हाय-टॉपच होते. रिबाउंडला (बास्केट हुकून परत आलेला बॉल पकडायला) उडी मारली आणि उतरलो थेट दुसऱ्याच्या बुटावर. पाऊल आत वळलं, बाहेरच्या बाजूला लिंबाएवढी सूज. अख्खं वजन असं तिरकं आल्यावर घोट्याभोवतीची ती मऊ कॉलर काय धरणार? एनबीएचा (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) स्टार कोबी ब्रायंट २००८-०९ च्या मोसमात लो-टॉप, म्हणजे घोट्याखालचे बूट, घालून खेळला, विजेतेपदही मिळवलं.

खरा धोका आधी मुरगळलेल्या घोट्याला. एनबीएच्याच स्टीफन करीच्या उजव्या घोट्यावर २०११ आणि २०१२ मध्ये शस्त्रक्रिया झाल्या, पुढे तो ब्रेस (घोट्याला आधार देणारा पट्टा) घालून खेळायचा. मीही आता लेसवाला ब्रेस बांधतो. शिवाय घोट्याला तोल सांभाळायची सवय व्हावी म्हणून रोज दात घासताना एका पायावर उभा राहतो (घरचे हसतात, हसू देत). बुटाची लेस अगदी वरच्या जादा भोकातून ओवून घट्ट बांधली की टाच आत सरकत नाही.

कपडे कुठलेही चालतील. मोजे मात्र जाड हवेत, आणि बूट घेताना तेच घालून दुकानात जा. सिमेंटच्या कोर्टावर खेळत असाल तर तळवा अधूनमधून उलटा करून बघा, नक्षी गेली असेल तर ते बूट फक्त बाजारात जायला.