गुलामगिरीविरोधी चळवळीतून बायकांची चळवळ कशी निघाली?

फोंड्याची_आई: मुलीला बारावीचा प्रोजेक्ट आलाय, अमेरिकेतली गुलामगिरीविरोधी चळवळ आणि स्त्री-हक्कांची सुरुवात. दोन्ही एकत्र का? काल चपात्या लाटताना तिनं विचारलं आणि मला काही सांगताच येईना. कोणी समजावेल का?

म्हापशेकर: ताई, माणसंच तीच होती हो. १८४० ला लंडनमध्ये गुलामगिरीविरोधी जागतिक परिषद भरली, अमेरिकेतून बायका एवढा समुद्र ओलांडून प्रतिनिधी म्हणून गेल्या आणि तिथे त्यांना प्रतिनिधी म्हणून घेतलंच नाही, बाजूला बसून नुसतं ऐका म्हणाले! ल्युक्रेशिया मॉट आणि एलिझाबेथ केडी स्टँटनची ओळख तिथलीच. पुढे जुलै १८४८ मध्ये याच दोघींच्या पुढाकारानं अमेरिकेतल्या सेनेका फॉल्स गावात स्त्री-हक्कांची सभा भरली, जाहीरनाम्यावर ६८ बायका आणि ३२ पुरुषांच्या सह्या. बायकांच्या मतदानाच्या हक्कावर गाडी अडली तेव्हा फ्रेडरिक डग्लस बाजूनं बोलले, स्वतः गुलामीतून पळून आलेला माणूस. मला हे वाचून भरून आलं होतं.

पणजीची_वाचक: ग्रिमके बहिणी विसरू नका. गुलाम बाळगणाऱ्या घरात वाढल्या, त्याच्याविरुद्ध बोलायला लागल्या तर १८३७ मध्ये पाद्री चिडले, बाईनं चारचौघांत बोलायचं कसं म्हणून. मग त्यांना आधी बोलण्याच्या हक्कासाठीच भांडावं लागलं, माझ्या मते खरी सुरुवात ही. आणि मुलीला सांगा, १८४८ लाच पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. जोतीरावांनी १८७३ ची 'गुलामगिरी' अर्पण केलीय ती गुलामी मोडणाऱ्या अमेरिकन लोकांनाच.

फोंड्याची_आई: देव बरें करूं दोघांचं! अर्पणपत्रिका आजच दाखवते तिला.