घोटा मुरगळल्यावर मी तसाच खेळत राहिलो. पहिल्या दहा मिनिटांत काय करायला हवं होतं?

बॅकहँडवाला

मंगळवारी संध्याकाळी डबल्स चालू होतं, आम्ही 17-18 ने मागे. नेटजवळचा ड्रॉप उचलून मागे सरकताना डावा पाय पडला तो थेट एका शटलवर. बाजूच्या कोर्टवरून उडून आलेलं, पिसं झडलेलं शटल. पाऊल आत दुमडलं आणि ‘कट्’ असा आवाज आला. पार्टनरलाही ऐकू गेला.

आता माझे पराक्रम ऐका. लगेच उठलो, कारण सगळे बघत होते. कुणीतरी गार स्प्रे मारला, दुखायचं थांबलं, मग गेम पूर्ण केला (हरलो). घरी येऊन गरम पाण्याचा शेक घेतला. वर बाम लावून बहिणीने चांगलं दहा मिनिटं चोळून दिलं. रात्री दोनला ठणक्याने जाग आली. सकाळी घोटा कुठे संपतो आणि पोटरी कुठे सुरू होते ते कळेना, टाचेखाली जांभळी रेघ उतरलेली.

एक्स-रेत हाड शाबूत आहे. बाहेरच्या बाजूचं लिगामेंट (हाडाला हाड बांधणारा पट्टा) अर्धवट फाटलंय, सध्या ब्रेस लावून घरी बसलोय. डॉक्टर म्हणाले, “एवढं सुजायला नको होतं.” ते वाक्य डोक्यातून जात नाही. कोर्टवरच काय करायला हवं होतं? आणि बर्फ लावायचा की नाही? दोन जणांना विचारलं तर तीन उत्तरं मिळाली.

ऑफस्पिन

बर्फ, क्रेप बँडेज, पाय उशीवर, विश्रांती. विषय संपला. ताज्या दुखापतीला शेक कोण देतं रे?

धावतापाय

बर्फ आता जुना झाला. ज्या डॉक्टरने हे सूत्र काढलं त्यानेच नंतर शब्द मागे घेतलेत. सूज म्हणजे शरीराची दुरुस्ती चालू आहे, तिला कशाला अडवायचं? बर्फ लावूच नका.

बाकावरची ताई

चौदा वर्षं फुटबॉल संघाच्या बाकावर पेटी घेऊन बसतेय. डॉक्टर नाही, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलेली आहे. घोटे मात्र पोत्याने पाहिलेत.

बर्फाचं भांडण नंतर. बॅकहँडवाल्या, तुझी पहिली चूक शेकाची नाहीच. तू उठलास ही आहे. पडलेल्या माणसाला मी आधी एक मिनिट खालीच बसवते. बूट-मोजा हळूच काढते आणि पायाचा आकार वाकडा दिसतोय का, बोटं बधिर आहेत का ते बघते. त्यातलं काही असेल तर पाय सरळ करायच्या फंदात न पडता आहे तसा आधार द्यायचा आणि दवाखाना गाठायचा.

तसं काही नसेल तर हाड तपासायचं. कॅनडातल्या ओटावात 1992 साली डॉक्टरांनी यासाठी नियम बसवले, उगाच होणारे एक्स-रे कमी व्हावेत म्हणून. घोट्याच्या आतलं आणि बाहेरचं अशी हाडाची दोन्ही टेंगळं घ्यायची. त्यांच्या टोकापासून वर सहा सेंटिमीटरपर्यंत, मागच्या कडेने बोटाने दाबत जायचं. मग करंगळीच्या रेषेत पावलाच्या मध्यावर हाडाचा जो उंचवटा लागतो तो, आणि आतल्या बाजूला पावलाच्या कमानीवरचं हाड. या जागांपैकी कुठेही हाडावर दाबून कळ आली तर एक्स-रे. चार पावलं टाकता आली नाहीत तरी एक्स-रे. लंगडत टाकलेलं पाऊलही मोजायचं. आवाजावर जाऊ नकोस, लिगामेंट फाटतानाही ‘कट्’ वाजतं.

स्प्रेबद्दल माझं मत वाईट आहे. तो कातडी बधिर करतो, आत फाटलेलं फाटलेलंच राहतं, आणि माणसाला वाटतं आपण बरे झालो. तू त्याच पायावर उड्या मारल्यास.

आता बर्फ. 1978 मध्ये अमेरिकेतल्या डॉ. गेब मर्किन यांनी विश्रांती-बर्फ-पट्टी-उंची हे सूत्र मांडलं. 2014 मध्ये त्यांनीच लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती, दोन्हींनी भरून यायला उशीर होऊ शकतो. धावतापाय, इथपर्यंत तुझं बरोबर. पण दुखणं कमी करायला सुरुवातीच्या काही तासांत थोडा वेळ बर्फ चालतो. फडक्यात गुंडाळून, दहा-पंधरा मिनिटं. कातडीवर थेट ठेवलास तर जखम होईल ती वेगळीच. पहिले दोन-तीन दिवस शेक, चोळणं आणि दारू मात्र बंद. तिन्हींनी रक्तस्राव आणि सूज वाढू शकते. बहिणीला काही बोलू नकोस, तिने मायेनेच चोळलं.

पट्टी बोटांच्या मुळापासून वर घोट्याकडे बांधायची आणि बोटं उघडी ठेवायची. मी पहिल्याच वर्षी एका गोलकीपरला इतकी आवळून बांधली होती की दहा मिनिटांत त्याची बोटं मेणासारखी दिसायला लागली. तो लाजून बोलला नाही, मला मोजा चढवताना दिसलं. तेव्हापासून बांधून झालं की अंगठ्याचं नख दाबून सोडते. दोन सेकंदांत गुलाबी रंग परत आला नाही तर पट्टी सोडून पुन्हा. नंतर पाय छातीच्या पातळीपेक्षा वर. खुर्चीवर बसून स्टुलावर टेकवलेला पाय वर नसतो.

ऑफस्पिन

नखाचं माहीत नव्हतं. विषय संपला नव्हता, मागे घेतो.

तिसरी_चाचणी

विषय निघालाच आहे तर दाताचंही लिहिते. आमच्या हॉकीत एकीचा पुढचा दात स्टिक लागून अख्खा बाहेर आला आणि तिने तो टिश्यूत गुंडाळून खिशात ठेवला. वाळला, वाचला नाही. मुळाला हात न लावता पांढऱ्या भागाला धरायचं. माती असेल तर क्षणभर पाण्याखाली धरून तिथेच खाचेत परत बसवायचा आणि रुमाल चावून धरायचा. बसवायला धीर होत नसेल तर दुधात टाकायचा, आणि शक्यतो अर्ध्या तासात दंतवैद्याकडे. लहान मुलाचा दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही.

बाकावरची ताई

बरोबर. आणि घोळणा फुटला तर मान मागे टाकू नका, पुढे वाका. नाकाचा मऊ भाग सलग दहा मिनिटं चिमटीत धरायचा, मधे सोडून बघायचं नाही. डोक्याला मार लागून भोवळ, मळमळ किंवा स्कोअर न आठवणं असं काहीही झालं तर त्या दिवशी परत मैदानात नाही. कॅप्टन कितीही विनवो.

बॅकहँडवाला

ताई, तुम्ही सांगितल्या त्या जागा दाबून बघितल्या. हाडावर काही नाही, पण बाहेरच्या टेंगळाच्या जरा पुढे-खाली बोट ठेवलं की जीव जातो. खेळायला कधी उतरू?

बाकावरची ताई

तेच लिगामेंट, मुरगळण्यात बहुतेक वेळा पहिलं तेच जातं. तारीख मी देणार नाही, ते तुझ्या फिजिओने ठरवायचं. तोवर दाबून बघत बसू नकोस. त्यांनी हो म्हटलं की आधाराला हात ठेवून एका पायावर उभं राहायचा सराव कर. तोल सांभाळायची सवय पायाला परत लावावी लागते, नाहीतर तोच घोटा पुन्हा मुरगळतो.

बॅकहँडवाला

तीन आठवड्यांनी लिहितोय. फिजिओने परवानगी दिली, काल दात घासताना बेसिनला धरून सुरुवात केली आणि मग हात सोडला. उजव्यावर ब्रश पूर्ण होतो. डाव्यावर अकरा सेकंद.