पहिलं किट : इंफाळचं हरिकेन करायचंय, नेमकं कुठलं घेऊ?

निळी_शाई :
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतीच वाचतेय, आज विचारतेच. मला दुसऱ्या महायुद्धातलं आपल्या हवाई दलाचं एक विमान प्लॅस्टिकच्या मॉडेल किटमधून बनवायचंय. शाळेत असताना भावाबरोबर एकदोन केली होती पण तो सगळा फेव्हिक्विक आणि घाईचा मामला, रंग वगैरे काही नाही, तेव्हा मला नवशिकीच धरा. सध्या १९४४ च्या इंफाळच्या लढाईबद्दल वाचतेय, त्यात अर्जन सिंगांच्या १ नंबर स्क्वाड्रनची हरिकेन विमानं सारखी येतात आणि आता डोक्यात तेच बसलंय. पण शोधायला गेले तर एअरफिक्सचं हरिकेन, आर्मा हॉबीचं हरिकेन, रेव्हेलचं, अकॅडमीचं, हासेगावाचं, कोणाच्या किमतीत दुसऱ्याची तीन येतील आणि बॉक्सवरच्या चित्रात तर सगळीच भारी दिसतात. खऱ्या विमानाच्या १/७२ आकाराचं घ्यावं की १/४८ तेही कळत नाहीये. एअरब्रश नाही, घेणारही नाही इतक्यात. वन बीएचके आहे, टेबल जेवायचं तेच, आणि स्प्रेच्या वासावरून घरात आधीच एकदा भांडण झालंय. काय घेऊ?

ओझरचा_बंड्या :
कंपनी नंतर, आधी मार्क, म्हणजे विमानाची आवृत्ती ठरव. हरिकेन म्हटलं की दुकानदार डोळे झाकून मार्क १ काढून देतो कारण बॅटल ऑफ ब्रिटनवालं तेच आणि खपतं तेच. एअरफिक्सचं १/७२ मधलं नवीन हरिकेन मार्क १ आहे, झकास किट आहे, पण त्याच्या पंखात आठ मशीनगन. तुला इंफाळचं हवं तर मार्क २ बघ, म्हणजे २बी नाहीतर २सी. २सी ओळखायला सगळ्यात सोपं, पंखातून पुढे आलेल्या २० मिमीच्या चार तोफा लांबूनच दिसतात. २बी ला बारा मशीनगन. मार्क २ चं इंजिनही वेगळं, मर्लिन २०, त्यामुळे नाक मार्क १ पेक्षा थोडं लांब, म्हणजे मार्क १ ला नुसत्या तोफा चिकटवून भागत नाही, करणारे करतात ती गोष्ट वेगळी.

दुसरं म्हणजे फिल्टर. आपल्याकडच्या धुळीसाठी नाकाखाली व्होक्स फिल्टर असायचा, मोठी हनुवटी आल्यासारखा दिसतो तो. बॉक्सवर 'ट्रॉप' (म्हणजे ट्रॉपिकल) लिहिलंय का बघ, नसेल तर आतल्या स्प्रूचे, म्हणजे सुटे भाग जिला जोडलेले येतात त्या चौकटीचे फोटो बघ, फिल्टरचा भाग आहे की नाही लगेच कळतं.

आणि तिसरं, ज्यात निम्मे लोक घसरतात, गोल, म्हणजे विमानावरचं हवाई दलाचं गोल चिन्ह. बर्मा आघाडीवर आपल्या विमानांच्या गोलातला लाल ठिपका काढून टाकला होता, जपान्यांच्या लाल गोळ्याशी गल्लत होऊन आपलेच आपल्यावर गोळ्या झाडतील म्हणून. बाहेर गडद निळा आणि मधे फिकट निळा एवढंच, शेपटीवरच्या पट्ट्यातही लाल नाही. लाल ठिपक्याचं हरिकेन करून खाली 'इंफाळ १९४४' पाटी लावलेली मी प्रदर्शनात पाहिलीत, बोलायची सोय नसते. तर बॉक्सच्या मागे निळ्या गोलाचा पर्याय नसेल तर डेकल (विमानावर चिकटवायची छापील चिन्हं) वेगळे मागवावे लागतील, तो खर्च आधीच धर. पंखांवरचे पांढरे पट्टे मात्र १९४५ च्या सुरुवातीला आले, ते १९४४ च्या विमानावर नकोत.

पॉलिशपेपर :
बंड्याशी सहमत पण एक राहिलं. बॉक्स नवीन म्हणजे किट नवीन असं अजिबात नसतं. या धंद्यात साचा एकदा बनला की चाळीस-पन्नास वर्षं त्यातूनच माल निघतो, चित्र बदलतं, डेकल बदलतात, आतलं प्लॅस्टिक तेच. कधीकधी एका कंपनीचा माल दुसरी आपल्या बॉक्समध्ये घालून विकते. म्हणून घेण्याआधी स्केलमेट्स या वेबसाइटवर त्या किटचं पान उघड, साचा कोणत्या साली बनला आणि पुढे कुठेकुठे वापरला त्याची पट्टीच दिसते तिथे. जुन्या साच्याच्या पॅनेलच्या रेघा उठलेल्या असतात, सांधा घासताना पुसल्या जातात आणि मग त्या परत कोरत बसा. नवीन साच्यात रेघा खोदलेल्या असतात आणि भाग बसतातही नीट, फटीत पुट्टी भरायचं काम फारसं पडत नाही. पहिल्या किटला हाच फरक जीव काढतो, नाहीतर लोक पंख जोडून होतात आणि बॉक्स माळ्यावर जातो.

स्केलचं म्हणशील तर हरिकेनचा पंखविस्तार ४० फूट, म्हणजे १/७२ मध्ये साधारण १७ सेंटीमीटर आणि १/४८ मध्ये २५. जेवायच्या टेबलावर दोन्ही मावतं, प्रश्न पुढे ठेवायचं कुठे हा आहे कारण एकावर कोणी थांबत नाही. माझं मत १/४८, कारण हरिकेनची कॅनोपी, म्हणजे वैमानिकावरचं काचेचं झाकण, बारीक चौकटींनी भरलेली असते, १/७२ मध्ये ती हाताने रंगवायची म्हणजे डोळे आणि स्वभाव दोन्हीची परीक्षा.

आणि खरं सांगू का, आधी एअरफिक्सचं ते मार्क १ घेऊन हात साफ कर. स्टार्टर सेटमध्ये रंग, ब्रश, गोंद सगळं येतं. इंफाळवालं दुसरं कर.

गगनभेदी_७१ :
हरिकेन हरिकेन काय, नॅट विमान करा की! १९६५ ला पाकिस्तानी सेबर विमानं पाडली, १९७१ ला श्रीनगरवर सेखोंनी एकट्याने झुंज दिली, परमवीर चक्र मिळालं. किटही छोटं, रंगही सोपा.

ओझरचा_बंड्या :
गगनभेदी, नॅटवर माझं पण प्रेम आहे, पण तिला दुसरं महायुद्ध हवंय ना राव. आणि नॅट सोपं म्हणून सांगू नकोस, एअरफिक्सचं नवीन नॅट दोन सीटचं ट्रेनर आहे, ब्रिटिश कसरत पथक रेड ॲरोजवालं. सेखोंचं एका सीटचं. लोक ट्रेनर आणतात आणि मग मागची सीट बुजवायची कशी म्हणून इथे विचारायला येतात. एका सीटचं स्पेशल हॉबीचं मिळतं पण ते छोट्या बॅचवाल्या साच्यातलं, भाग जुळवायला खुंट्या-खाचा नाहीत, सगळं स्वतः घासून बसवायचं. पहिल्याच किटला नको.

निळी_शाई :
बापरे, केवढं सांगितलंत, धन्यवाद दोघांनाही! लाल ठिपक्याचं तर मला माहीतच नव्हतं, मी जे बॉक्स शॉर्टलिस्ट केलेलं त्यावर ठळक लाल ठिपका आहे 😅

पॉलिशपेपर, तुमचं म्हणणं पटतंय पण मला सरावासाठी म्हणून एक वेगळं विमान करायला जीव होत नाहीये हो. बिघडलं तर इंफाळचंच बिघडू दे. मधे दुसरीकडे कोणीतरी लायसँडर विमान सुचवलं, तेही १ नंबर स्क्वाड्रनचंच ना, १९४२ मध्ये तेव्हाचे प्रमुख मजुमदार वगैरे? आणि स्पिटफायर? आणि रंगाचं काय करू, हार्डवेअरवाला म्हणाला थिनर कुठलाही चालतो.

पॉलिशपेपर :
हार्डवेअरवाल्याला नमस्कार कर आणि तिथून फक्त पॉलिश पेपर आण, ४०० पासून १२०० पर्यंतचा, पाण्यातला. त्याच्याकडचा एनसी थिनर किटच्या प्लॅस्टिकला लागला की पंख मऊ पडतो आणि बोटाचा ठसा कायमचा उमटतो. ॲक्रिलिक रंग घे. हाताने मारायचा असेल तर व्हॅलेहो बरा, पाण्याने पातळ होतो, वासही नाही म्हणजे घरात पुन्हा व्हायला नको. तामियाचे ॲक्रिलिक एअरब्रशला सुंदर पण ब्रशने दुसरा हात मारायला गेलं की खालचा उखडतो. तरी शेड जुळवायला त्यांचे नंबर सांगतो, वरून एक्सएफ-८१ चा हिरवा आणि एक्सएफ-५२ चा मातकट तपकिरी, पोटाला एक्सएफ-८३ चा करडा. पातळ तीन हात मार, जाड एक नको, आणि मधे वाळू दे, पावसाळ्यात तर रात्रभर.

डेकल लावायच्या आधी चकचकीत क्लिअर वार्निशचा एक हात हवाच. मॅट रंग खडबडीत असतो, डेकलखाली हवा अडकते आणि फिकट निळ्या गोलाच्या कडेने चंदेरी चट्टा दिसतो, नंतर काही केल्या जात नाही. आणि फेव्हिक्विक कॅनोपीजवळ नेऊसुद्धा नकोस, वाफेने काच आतून पांढरी होते. कॅनोपीला साधा फेव्हिकॉल, वाळला की पारदर्शक.

ओझरचा_बंड्या :
लायसँडर १ नंबरचंच, बरोबर वाचलंयस. मजुमदारांनी बर्मातल्या टाउंगूवरून थायलंडमधल्या जपानी तळावर बॉम्ब टाकले ते त्याच विमानातून. पण पंख वर, खाली दांड्या, आणि अर्धं विमान काचेचं, आतलं सगळं दिसतं. दुसरं-तिसरं म्हणून कर. स्पिटफायर हवं तर मार्क ८ बघ, आपल्या ८ नंबर स्क्वाड्रनकडे १९४४ च्या शेवटी आलं ते. एडुआर्डचं किट उत्तम, त्यात 'वीकेंड' लिहिलेलं घे म्हणजे पितळेचे बारीक भाग नसतात आणि पैसेही वाचतात. पण इंफाळच्या वेढ्यात आपल्या पोरांकडे स्पिटफायर नव्हती, हरिकेनच होती. तुझं मन तिथे असेल तर बदलू नकोस.

मी म्हणेन आर्मा हॉबीचं २सी, १/७२ मधलं. पोलंडची कंपनी, साचा अगदी अलीकडचा, मागच्या अंगावरचं कापड फ्रेमवर ताणलेलं असतं ना, ते इतकं हलकं दाखवलंय की रंगाचा जाड हात बसला तर दिसेनासंच होईल. पॉलिशपेपर १/४८ म्हणतो ते डोळ्यांच्या हिशेबाने बरोबर आहे, आर्माचं त्याही स्केलमध्ये आहे, फक्त महाग. कॅनोपीची भीती असेल तर कापून तयार मास्क मिळतात, लावायचे, रंगवायचं, सोलायचे.

पॉलिशपेपर :
१/७२ च घेणार असशील तर मास्क वेगळे न विसरता माग, बंड्या सांगतो तितकं हसत होत नाही ते. आणि परदेशातून मागवलंस तर कस्टम ड्युटी किटच्या किमतीला चांगलीच फोडणी देते, आधी इथल्या दुकानांत विचार.

निळी_शाई :
ठरलं मग. आर्माचं २सी ट्रॉप, १/७२, मास्कसकट. निळ्या गोलाचे डेकल बॉक्समध्ये आहेत का ते दुकानदाराला फोटो पाठवायला सांगितलंय, नसतील तर वेगळी शीट. एकच शेवटचं, चारही तोफा ठेवू ना? एका फोटोत दोनच दिसतायत.

ओझरचा_बंड्या :
कुठल्या विमानाचा फोटो आहे त्यावर. टेहळणीच्या हरिकेनमध्ये कॅमेरा बसवला की वजन कमी करायला काही तोफा काढायचे. साध्या लढाऊ अवतारात चार. भारत रक्षक वेबसाइटवर आणि इंपीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात बर्माचे फोटो आहेत, एकच विमान निवड, त्याचाच फोटो समोर ठेव आणि त्यात दिसेल तेवढंच कर. फोटो इथे टाक, तोफा मोजून सांगतो.